शेडमधले मंगळवार

गेल्या महिन्यात मला इथे मेलबर्नला सावंतवाडीहून मित्राचा फोन आला. त्याचा मुलगा सिडनीत असतो, आता हाही कायमचा तिकडे निघालाय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "दिस कसो जाता रे थंय?" मी म्हटलं, "जातो मजेत." फोन ठेवला आणि मला चैन पडेना. ज्याच्या शेजारी चाळीस वर्षं मोती तलावाच्या काठावर संध्याकाळी बसलो, त्याला मी खरं सांगितलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. त्याच्यासाठी, आणि म्हातारपणी मुलांकडे परदेशी निघालेल्या किंवा येऊन गप्प बसलेल्या सगळ्या बाप्यांसाठी.

आमची व्हिसाची फाइल २०१६ सालची. ऑस्ट्रेलियाचा पालकांसाठीचा १४३ नंबरचा व्हिसा, अर्जावर आम्हा दोघांची नावं. मे २०२१ मध्ये ही गेली. परिस्थितीत काही बदल झाला तर १०२२ नंबरचा फॉर्म भरून कळवावं लागतं, तो मुलाने मेलवर पाठवला. काय बदल झाला ते एका चौकोनात लिहायचं होतं. तो चौकोन भरायला मला चार दिवस लागले. पुढे २०२२ च्या पावसाळ्यात व्हिसाच्या फीचा दुसरा हप्ता भरण्याचं पत्र आलं, ४३,६०० डॉलर. मुलाने भरले. हा आकडा मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वर्षभर मी तोंड उघडलं नाही त्यामागे तोच होता. ज्याने आपल्यासाठी एवढे मोजले, त्याला "मला इथे करमत नाही" हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

२१ जानेवारी २०२३ ला मेलबर्नला उतरलो. सामानात हिचा पोळपाट होता. लग्नानंतर, १९८४ साली, सावंतवाडीच्या लाकूडकामाच्या चितार आळीतून घेतलेला, शिवणीच्या लाकडाचा. विमानात जे कार्ड भरायला देतात त्यावर लाकडाच्या वस्तूंबद्दल विचारलेलं असतं, मी "हो" वर खूण केली. तपासणीच्या टेबलावर एका अधिकारी बाईने बॅटरी लावून पोळपाटाची खालची बाजू पाहिली. टाचणीच्या टोकाएवढी पाच-सहा भोकं होती आणि टेबलावर पिठासारखी भुकटी पडली. लाकूड पोखरणारी कीड. तिने समजावून सांगितलं की स्वतःच्या खर्चाने प्रक्रिया करून घ्या, परत पाठवा, नाहीतर आम्ही नष्ट करतो. चौदा तासांच्या प्रवासाने डोकं बधिर झालं होतं, मागे रांग होती. मी म्हटलं, राहू दे. सही केली. बाहेर मुलगा दोन तास उभा होता. "एवढा उशीर, बाबा?" "रांग होती." त्या दिवसापासून आमच्यात जे न बोलणं सुरू झालं, त्याची सुरुवात या दोन शब्दांनी झाली असं मला आज वाटतं.

(येणाऱ्यांनी लाकडाची वस्तू लपवू मात्र नये, त्याला जबर दंड आहे. निघण्याआधी घरीच उन्हात धरून भोकं आहेत का ते नीट बघावं.)

आम्ही राहतो ते टार्नेट हे मेलबर्नच्या पश्चिमेचं उपनगर. आपली माणसं पुष्कळ. पण सकाळी साडेसातला मुलगा आणि सून कामावर, नात शाळेत, आणि मग दुपारी साडेतीनपर्यंत मी आणि फ्रिजचा आवाज. उन्हाळा कसाबसा निघाला. जूनमध्ये इथे थंडी पडते, पाचला अंधार होतो. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. दाढी दोन-दोन दिवस राहायला लागली. सून डबा भरून ठेवायची, मी तो अर्धा खाऊन उरलेला कचऱ्यात खाली दाबून टाकत असे, तिला कळू नये म्हणून. आता जगून तरी काय करायचंय, हा विचार आधी कधीतरी येई, मग रोज येऊ लागला. संध्याकाळी सगळे परतले की मी हसून दार उघडायचो. ते सोंग काही माझ्या एकट्याचं नव्हे. तीस वर्षं बँकेत पैसे मोजताना असं हसणारे पुष्कळ पुरुष मी काचेपलीकडे पाहिले आहेत, आणि त्यांतल्या दोघांच्या अंत्ययात्रेला गेलो आहे.

ऑगस्टमध्ये साखर तपासायला डॉक्टरांकडे गेलो. कायमचा व्हिसा असल्याने मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, मिळतं, या दवाखान्यात वेगळी फी नव्हती. माझं वजन सहा किलोंनी उतरलेलं पाहून डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी आहे? इंग्रजीत मला साखर सांगता येत होती, हे सांगता येईना. तेव्हा त्यांनी टेबलावरच्या फोनवरून दुभाषी सेवेला लावलं, आणि पाच मिनिटांत कुणीतरी बाई शुद्ध मराठीत बोलू लागल्या. हे लक्षात ठेवा: टीआयएस नॅशनल, फोन १३१ ४५०. डॉक्टरांकडे जाताना मराठी दुभाषी हवा असं अपॉइंटमेंट घेतानाच सांगता येतं आणि त्याचे पैसे आपल्याला पडत नाहीत. दहा प्रश्नांचा एक कागद असतो, के-१० म्हणतात त्याला. गेल्या चार आठवड्यांत किती वेळा उगाच थकवा आला, किती वेळा निराश वाटलं, असं विचारतात. प्रत्येकाला एक ते पाच गुण, म्हणजे कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास, गुण जास्त तितका त्रास जास्त. माझे २८ झाले. सातव्या-आठव्या प्रश्नाला माझा गळा दाटून आला. फोनवरच्या बाई थांबल्या, म्हणाल्या, "सावकाश सांगा, काका." चेहरा न पाहिलेल्या त्या बाईंना माझा नमस्कार.

डॉक्टरांनी 'मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन' लिहून दिला. त्यावर वर्षाला दहापर्यंत मानसोपचाराच्या भेटींचे काही पैसे मेडिकेअरकडून परत मिळतात. मानसशास्त्रज्ञांची पहिली तारीख मिळाली सात आठवड्यांनंतरची. फी १९० डॉलर, त्यातले साधारण निम्मे परत. "तोपर्यंत काय करणार?" डॉक्टरांनी विचारलं आणि आपणच म्हणाले, "हातांना काही काम आहे का?" मग त्यांनी चिठ्ठीच्या मागे दोन शब्द लिहून दिले: मेन्स शेड.

शेड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पत्र्याची शेड आली, आणि खरोखरच ती तशीच निघाली. इथल्या घरांत परसात एक लहानशी शेड असते, ती घरातल्या पुरुषाची जागा, हत्यारं ठेवायची आणि खुडबुड करायची. नोकरी सुटली, घर लहान झालं, जोडीदार गेला की ती जागाही जाते. म्हणून गावाने मिळून एक शेड करायची, ही कल्पना. दक्षिण ऑस्ट्रेलियात गूल्वा या गावी १९९३ मध्ये असं एक ठिकाण सुरू झालं, मग १९९८ मध्ये आमच्या व्हिक्टोरिया राज्यात टोंगाला इथे 'मेन्स शेड' या नावाने पहिली शेड उघडली. २००७ मध्ये यांची देशव्यापी संघटना झाली आणि आज देशात हजाराच्या वर शेड आहेत. आयर्लंड, ब्रिटन, न्यूझीलंडमध्येही पसरल्या आहेत. संघटनेच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की जवळची शेड नकाशावर दिसते. मी मेल लिहिला, उत्तर यायला नऊ दिवस लागले. या जागा चालवणारे सगळे स्वयंसेवक असतात, उत्तर उशिरा आलं म्हणून नको म्हणतायत असं समजू नये. फोन सरळ सकाळी दहाच्या चहाच्या वेळी करावा, तेव्हा कुणीतरी उचलतं.

१२ सप्टेंबरला, मंगळवारी, बस बदलून तिथे पोचलो. आतून करवतीचा आवाज येत होता, कुणीतरी मोठ्याने हसलं. मी फाटकाला हात लावला आणि परत फिरलो. पुढची बस पन्नास मिनिटांनी होती, ती पन्नास मिनिटं थांब्यावर बसून काढली. पुढच्या मंगळवारी गेलो तेव्हा एक गृहस्थ बाहेरच भुशाची पोती रचत होते. म्हणाले, "हे टोक धर." मी धरलं. पोतं आत ठेवलं तेव्हा मीही आत होतो.

कागदपत्रांचं सांगतो. सभासदत्वाचा दोन पानी फॉर्म, त्यात घरच्या माणसाचा फोन आणि आपण घेत असलेली औषधं लिहायची. झोपेच्या गोळ्या किंवा चक्कर आणणारं औषध असेल तर लपवू नका, यंत्रावर बोटाचा प्रश्न असतो. वर्षाची वर्गणी ६० डॉलर, त्यात विमा आला. चहाला दर वेळी एक-दोन डॉलरचं नाणं डब्यात टाकायचं. बुधवारी शाळेची मुलं येतात म्हणून 'वर्किंग विथ चिल्ड्रन' तपासणी लागली, ती स्वयंसेवकांना मोफत आहे आणि पाच वर्षं चालते. माझी तीन आठवड्यांत आली. पोलादी टोकाचे बूट ५९ डॉलरना पडले. साठीच्या पुढच्यांनी राज्याचं सीनियर्स कार्ड आधीच काढून ठेवावं. फुकट मिळतं आणि बस-ट्रेनचं भाडं कमी होतं. व्हिजिटर व्हिसावर काही महिन्यांसाठी येणाऱ्यांनाही काही शेड घेतात, पण विम्याचं आधी विचारून घ्यावं, आणि डॉक्टरचा खर्च त्यांना मेडिकेअर देत नाही हेही ध्यानात असू द्यावं.

यंत्रं लगेच हाती देत नाहीत, एकेक शिकवून मग तुमच्या कार्डावर शिक्का मारतात. लेथ शिकायच्या दिवशी मला अंगठी काढायला सांगितलं. फिरत्या यंत्रावर अंगठी, लांब बाह्या, हातमोजे काही चालत नाही. बेसिनवर साबण लावून अंगठी सोडवली, बोटावर पांढरं वळं राहिलं. मला लेथ शिकवणारे माल्टाहून पन्नास वर्षांपूर्वी आलेले, वय ७९, आयुष्यभर सुतारकाम. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण मला ते जमत नाही. मी मनात त्यांना सुतारकाका म्हणतो.

पहिले काही आठवडे सोपे नव्हते. मी नुसता सँडपेपर मारत असे. बोलणं भरभर, उच्चार चपटे, निम्मं कळत नसे. एकाने चहाच्या वेळी माझ्या बोलण्याची नक्कल केली, बाकीचे हसले. मी पुढचे दोन मंगळवार गेलो नाही. मनाशी ठरवलंच होतं की झालं एवढं पुरे. तिसऱ्या सोमवारी रात्री सुतारकाकांचा फोन. नकलेबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणाले, "उद्या लायब्ररीची बाकं संपवायचीत, माणूस कमी पडतोय." मी गेलो. नक्कल करणारे गृहस्थ दाराशी भेटले, हात पुढे केला आणि म्हणाले, "परवाचं चुकलं माझं." इतकंच.

त्याच दिवशीची गोष्ट. नोव्हेंबर उजाडला होता. एकाच फळीच्या दोन टोकांना मी आणि सुतारकाका घासत होतो. दोघांची नजर लाकडावर. एकाएकी ते म्हणाले, "रविवारी तिला जाऊन अकरा वर्षं होतील." आणि घासत राहिले. मला काही सुचेना. दहा-बारा हात मारल्यावर म्हटलं, "माझी अडीच." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "नाव काय होतं?" मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा चुकवलं, मी दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा नीट म्हणाले. घरात मुलगा 'आई' म्हणतो, नात 'आजी' म्हणते, मी स्वतः आयुष्यभर 'ही' म्हणत आलो. ती गेल्यापासून तिचं नाव मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. मग आम्ही पुढची फळी घेतली.

इथे एक वाक्य सगळे म्हणतात: पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. गावी तलावाच्या काठावर आम्हीही पाण्याकडे बघतच बोलायचो. पण तिथे आम्ही राजकारण, भात, पाऊस यावर बोलत राहिलो आणि जे बोलायचं ते बोललो नाही, हेही तितकंच खरं. शेडमध्ये फरक पडला तो हातातल्या कामामुळे. काम थांबवावं लागत नाही, समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही, आणि वाक्य अर्धवट सोडलं तरी चालतं. करवत सुरू झाली की बोलणं आपोआप थांबतं, कुणाला वाईट वाटत नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रं आपल्याकडे आहेत आणि चांगली आहेत, पण तिथे माणसाला बसवतात. आपल्या गावांतून दोन बाकं, चार रंधे आणि पटाश्या असलेली एखादी खोली का असू नये? चितार आळीत तर लेथवर बसलेले हात अजून आहेत.

शेड म्हणजे उपचार नव्हे, हे ठासून सांगतो. ऑक्टोबरात मानसशास्त्रज्ञांकडे जायला लागलो, ती भेट शेड जमली म्हणून रद्द केली नाही. माझ्या लेकीच्या वयाची मुलगी. तिने झोपेची वही लिहायला लावली, दुपारची झोप बंद केली, आणि मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारलं. कुणी इतकं सरळ विचारलं की खोटं बोलायचं ओझं उतरतं. सहा भेटी झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तो दहा प्रश्नांचा कागद दिला, १९ आले. शेडच्या भिंतीवर लिहिलेलं मी पहिल्यांदा तेव्हा नीट वाचलं: या देशात आत्महत्येने रोज साधारण नऊ माणसं जातात, त्यांतले सात पुरुष. आपल्याकडेही दहातले सात पुरुषच असतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुतारकाकांनी विचारलं, स्वतःसाठी काय करणार? मी कागदावर वर्तुळ काढलं. ब्लॅकवूडच्या फळ्या निघाल्या, हे झाड बाभळीच्या जातकुळीतलं. कोकणात सामाजिक वनीकरणाने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ त्याचीच भावकी. दोन तुकडे कडेला कड लावून, पाण्याला टिकणारा गोंद घालून रात्रभर शिकंज्यात आवळले. बँडसॉवर दहा इंचांचा गोल कापला, पहिला वाकडा गेला, तो चहाच्या किटलीखाली ठेवायला झाला. दुसरा जमला. मग ८० नंबरच्या कागदापासून २४० पर्यंत घासणं. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसायचं, म्हणजे लाकडाचे तंतू उभे राहतात, ते सुकले की परत घासायचे. नाहीतर पहिल्याच ओल्या कणकेला पोळपाट खरखरीत होतो. पायांवरून वाद झाला. सुतारकाका म्हणाले चार. मी म्हटलं तीन, तीन पाय कुठल्याही ओट्यावर डुगडुगत नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "एकोणऐंशी वर्षांचा झालो, आणि स्टुलाला चार पाय लावत बसलो." व्हार्निश लावायचं नाही, खाण्याला चालणारं पॅराफिनचं तेल तीनदा मुरवलं. तेल लागताच लाकडातून तांबूस रेषा वर आल्या.

मार्चमधल्या एका संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. सुनेने उलगडला. मुलगा म्हणाला, "आईच्या पोळपाटासारखाच झालाय." मग मी विमानतळावरची गोष्ट सांगितली. तो गप्प ऐकत होता. म्हणाला, "मला वाटत होतं तुम्ही तो तिकडेच कुणाला देऊन आलात. मला राग होता त्याचा, बाबा." मग मी पहाटे तीनचंही सांगितलं, कचऱ्यातल्या डब्याचंही. ४३,६०० चंही सांगितलं. सून उठून नातीला झोपवायला गेली. मुलगा पोळपाट हातात फिरवत होता, वर न बघता म्हणाला, "मीपण तीनला जागाच असतो. तुमच्या खोलीच्या दाराखालचा उजेड दिसायचा." तो अडतीस वर्षांचा आहे. दोन महिने आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना जागे पडलो होतो आणि सकाळी एकमेकांना "झोप झाली?" विचारत होतो.

आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी, नोकरीवाल्यांसाठी शेड उघडी असते तेव्हा, तोही येतो. फारसं बोलत नाही. मी विचारत नाही. फळीचं एक टोक त्याच्याकडे देतो.

सगळं छान झालं असं समजू नका. मे महिना मला अजून जड जातो, आणि अधूनमधून तीनची जाग येते. तेव्हा उठून स्वयंपाकघरात दिवा लावतो, बहुतेक वेळा मुलगाही येतो. कुणाची रात्र याहून वाईट असेल तर ऑस्ट्रेलियात लाइफलाइन १३ ११ १४, भारतात टेली-मानस १४४१६, दोन्हीकडे रात्रीही माणूस फोन उचलतो.

काल मित्राला परत फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "आधी सांगूक नाय तां." त्याच्या मुलाच्या घराजवळची शेड नकाशावर शोधून ठेवलीय, चालत पंधरा मिनिटांवर आहे, मंगळवार आणि गुरुवार उघडी. बूट त्याने तिथून आणू नयेत, इथलेच लागतात.